सिंचनविषयक शासकीय लेखन आणि बेंबळा प्रकल्प : एक परीक्षण

शासनाचे अहवाल, श्वेतपत्रिका, अधिसूचना आणि ठराव यांची गणना वाङ्मयात करण्याची प्रथा नाही. हे लेखन रुक्ष असते, त्यात कर्त्याचा पत्ता लागत नाही आणि ते वाचणाराही बहुधा ठरलेलाच असतो. त्यामुळे विद्यापीठीय टीकेने त्याकडे पाठ फिरविली, हे समजण्यासारखे आहे. तथापि कादंबरीतील नदी वाचकाच्या मनापुरती वाहते, ठरावातील नदी मात्र प्रत्यक्षात अडविली जाते आणि तिच्या काठची गावे उठविली जातात. ज्या लेखनाचा परिणाम इतका प्रत्यक्ष आहे त्याची भाषा तपासणे हे टीकेचेच काम होय. महाराष्ट्रातील पर्यावरणविषयक धोरण पक्षीय राजकारणाने व भ्रष्टाचाराने बिघडले, असे सर्वत्र म्हटले जाते. पण ते नेमके कोठे बिघडते, याचा शोध कायद्याच्या पुस्तकांत घेतला तर फारसे काही हाती लागत नाही. कायदे बव्हंशी चांगले आहेत. बिघाड दिसतो तो अंदाजपत्रकांत, सुधारित मान्यतांच्या ठरावांत आणि पुढे त्यांचे समर्थन करण्यासाठी लिहिलेल्या अहवालांत.

या दृष्टीने यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव तालुक्याचे उदाहरण बोधक आहे. वर्धेस मिळणाऱ्या बेंबळा नदीवर या तालुक्यात खडक सावंगा येथे मातीचे धरण बांधण्यात आले. बुडित क्षेत्रात याच तालुक्यातील गावे गेली. लाभक्षेत्र बाभुळगावपासून कळंब, राळेगाव व मारेगाव या तालुक्यांपर्यंत पसरले. म्हणजे ज्यांची जमीन गेली आणि ज्यांना पाणी मिळावयाचे, ते पुष्कळ अंशी एकाच बाजारपेठेत कापूस विकणारे शेतकरी. शहराच्या वीजेसाठी किंवा परप्रांतातील उसासाठी विदर्भातील गाव बुडाले, अशी सोपी मांडणी येथे करता येत नाही. म्हणूनच हे उदाहरण परीक्षणास अधिक योग्य ठरते.

बेंबळा प्रकल्पाचे एक वैशिष्ट्य असे की, जवळजवळ प्रत्येक राजवटीच्या यादीत त्याचे नाव आढळते. १९९५ ते १९९९ या काळातील शिवसेना-भाजप शासनाने १९९७ साली विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापिले, त्या महामंडळाकडे हा प्रकल्प गेला. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यातील २,१७७ कोटी सिंचनासाठी होते आणि बेंबळा त्या सिंचनाच्या कार्यक्रमात होता. पुढे केंद्रात सत्तांतर झाले. २०१६ साली नव्या शासनाने प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेखाली देशातील ९९ प्रकल्प अग्रक्रमाने पूर्ण करण्याचे ठरविले. त्यांतील महाराष्ट्राच्या २६ प्रकल्पांतही बेंबळा होताच. तीन यादींचे तीन पक्ष, तीन नावे, तीन मुदती. नदी एकच, आणि अपुऱ्या वितरिकाही त्याच.

धरणाची भिंत उभी राहून पाणी साठू लागल्यावरही वितरिका, लघुकालवे व शेतचाऱ्या यांची कामे वर्षानुवर्षे का रेंगाळतात, याचे एक उत्तर कोणत्याही पाटबंधारे वसाहतीत मिळू शकेल. घळभरणीला मंत्री येतात, मंडप पडतो, छायाचित्रे निघतात. शेतचारीला कोणी नारळ फोडत नाही. मातीकामाच्या मोठ्या निविदेत जे अर्थकारण सामावते ते शेकडो लहान चाऱ्यांत सामावत नाही. म्हणून पैसा आधी भिंतीकडे आणि मग, उरला तर, शेताकडे जातो. हा क्रम कोणत्याही धोरणपत्रिकेत लिहिलेला नाही. तरीही प्रत्यक्षात तेच धोरण आहे.

या अलिखित धोरणाला लिखित रूप देणारा शब्द म्हणजे ‘निर्मित सिंचन क्षमता’. धरणात अमुक पाणी मावते, त्यावर अमुक हेक्टर भिजू शकेल, असा जो हिशेब कागदावर होतो, त्याला क्षमता म्हणतात. ती ‘निर्माण’ होते. प्रत्यक्ष भिजलेली जमीन मात्र निराळीच असते. शासनाच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत हा भेद अनपेक्षितपणे उघडा पडला. एकूण पिकाखालील क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण २०००-०१ मध्ये १७.८ टक्के होते, ते २००९-१० मध्ये १७.९ टक्के झाले. या दशकात सिंचनावर सुमारे सत्तर हजार कोटी रुपये खर्च झाल्याचे तेव्हा सांगितले जात होते. एक दशांश टक्का वाढीचा तो आकडा अपुऱ्या माहितीवर आधारलेला आहे, असा आक्षेप जलसंपदा विभागाने घेतला. त्या आक्षेपात काही तथ्य असूही शकेल, कारण विहिरींवरील भिजवण कोणत्या रकान्यात धरावयाचे याबद्दल महसूल, कृषी व जलसंपदा या विभागांचे कधीच एकमत नव्हते. मग मोजणीची पद्धत सुधारावयास हवी होती. त्याऐवजी पुढील अनेक वर्षांच्या आर्थिक पाहणीत हा आकडाच दिलेला आढळत नाही. क्षमतेचे आकडे मात्र नियमाने छापले गेले. जो शब्द अपुऱ्या कामालाही पूर्णतेचा दर्जा देतो, तो सर्वच पक्षांना सोयीचा वाटावा यात नवल नाही.

दुसरा शब्द ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’. कचेरीत त्याचे संक्षिप्त रूप ‘सुप्रमा’ असे रूढ आहे, आणि एखाद्या सुनेचे नाव वाटावे इतक्या सहजतेने ते उच्चारले जाते. मूळ अंदाजपत्रकातील खर्च वाढला की तो पुन्हा मान्य करून घेण्याची ही रीत. दरवाढ, संकल्पनातील बदल, भूसंपादनाचा वाढता मोबदला ही त्याची न्याय्य कारणे असू शकतात, यात शंका नाही. पण २००९ साली विदर्भात जे घडले ते या कारणांनी उलगडत नाही. काही महिन्यांच्या अवधीत ३८ प्रकल्पांचा मिळून खर्च ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेला. यवतमाळ जिल्ह्यातीलच निम्न पैनगंगा प्रकल्पास १९९७ साली १,४०२ कोटींची मान्यता होती. ऑगस्ट २००९ मध्ये ती १०,४२९ कोटींची झाली. वर्ध्याकडील निम्न वर्धा प्रकल्प ९५० कोटींवरून २,३५६ कोटींवर गेला. विधानसभेची निवडणूक ऑक्टोबर २००९ मध्ये होती. निवडणूक आणि मान्यता यांच्यात कार्यकारणभाव होता असे न्यायालयात सिद्ध झालेले नाही. दिनदर्शिका तेवढी बोलते.

येथे रॉबर्ट वेड या अभ्यासकाच्या १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. दक्षिण भारतातील एका कालव्याचा अभ्यास करून त्याने दाखविले की, पाटबंधारे खात्यातील लाचलुचपत हा काही व्यक्तींचा स्वभावदोष नसून ती एक व्यवस्था आहे : अभियंता ठेकेदाराकडून व पाणी घेणाऱ्याकडून पैसा उभा करतो, त्यातील वाटा वरिष्ठांकडे व लोकप्रतिनिधींकडे जातो आणि बदल्या हे या बाजाराचे नियंत्रण करणारे साधन ठरते. वेडचे विवेचन महाराष्ट्राला जसेच्या तसे लागू करता येत नाही. त्याने पाहिलेला कालवा वाहता होता. त्याची लूट देखभालीच्या खर्चात आणि पाणीवाटपात होती. महाराष्ट्रात १९९६ नंतर पाटबंधारे महामंडळे स्थापन झाली व त्यांनी शासनाच्या हमीवर रोखे काढून बाजारातून भांडवल उभारले. कृष्णा खोऱ्यात बच्छावत लवादाने वाट्यास दिलेले पाणी मे २००० पूर्वी अडविण्याची घाई होती. विदर्भात अनुशेषाची होती. दोन्हीकडे बांधकाम हेच मुख्य उत्पन्नाचे क्षेत्र झाले. जो कालवा वाहतच नाही त्याच्या पाण्यावर लाच कशी घेणार? म्हणून ती आधीच, काँक्रीट ओतण्यापूर्वी, अंदाजपत्रकात बसविली जाऊ लागली असा तर्क वेडच्या पद्धतीने करता येतो. आणि यंत्रसामग्रीसाठी ठेकेदारास काम सुरू होण्यापूर्वी दिल्या जाणाऱ्या अग्रिम रकमांवर पुढे जो गदारोळ झाला, तो या तर्काशी सुसंगत आहे.

याचा पर्यावरणाशी संबंध काय, असे विचारले जाईल. संबंध क्रमाचा आहे. धरण बांधावयाचे तर प्रथम सर्वेक्षण, मग पर्यावरणीय आघाताचा अभ्यास, वनजमिनीस १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी, भूसंपादन, पुनर्वसन आणि शेवटी निविदा असा क्रम कायद्यास अभिप्रेत आहे. केंद्र शासनाच्या २००६ च्या अधिसूचनेत ‘पूर्व’ मान्यता हा शब्द आहे आणि सगळा अर्थ त्या ‘पूर्व’ शब्दात आहे. निविदा आधी निघाली, अग्रिम रक्कम आधी गेली, भिंतीची माती आधी पडली की नंतर होणारा अभ्यास हा अभ्यास राहत नाही. तो उत्तरक्रियेचा विधी होतो. महालेखापरीक्षकांनी २०१४ साली राज्यातील सिंचन प्रकल्पांचा जो लेखापरीक्षण अहवाल दिला, त्यात भूसंपादन व वन आणि पर्यावरणविषयक मान्यता हाती नसताना कामे सुरू केल्याचे नमूद आहे. ठाणे जिल्ह्यातील काळू धरणाचे काम वनविषयक परवानगीवाचून सुरू झाले म्हणून उच्च न्यायालयास ते थांबवावे लागले.

नोव्हेंबर २०१२ च्या अखेरीस शासनाने जी श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली तिच्याकडे आता वळता येईल. विजय पांढरे या मुख्य अभियंत्याने त्या वर्षाच्या आरंभी राज्यकर्त्यांना पत्र लिहून अंदाजपत्रके फुगविल्याचा आरोप केला होता. २५ सप्टेंबर रोजी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला होता आणि श्वेतपत्रिका निघाल्यावर, डिसेंबरात, ते पुन्हा त्या पदावर आले. पत्रिका ज्या विभागावर आरोप होता त्याच विभागाने लिहिली, हा दोष वृत्तपत्रांनी तेव्हाच दाखविला. भाषेचा दोष त्याहून खोल आहे. पहिली गोष्ट म्हणजे तीतील कर्मणी प्रयोग. ‘मान्यता देण्यात आली’, ‘व्याप्तीत बदल करण्यात आला’, ‘वाढ झाली’ : अशा वाक्यांतून खर्च पावसाप्रमाणे आपोआप पडतो. मराठी राज्यकारभाराच्या भाषेला हा प्रयोग फार आवडतो, आणि एरवी त्यात गैर काही नाही. पण जेथे प्रश्नच ‘कोणी केले’ असा आहे तेथे कर्त्याचा लोप हे उत्तर टाळण्याचे साधन होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रकल्प का रखडले व महागले याची जी कारणे या पत्रिकेत येतात, त्यांत दरवाढ व संकल्पनातील बदल यांच्या पंगतीत भूसंपादन, पुनर्वसन आणि वनविषयक मान्यता येऊन बसतात. कायद्याने जी पूर्वअट म्हणून सांगितली, ती अहवालात अडचण म्हणून अवतरते. वाचकाच्या मनावर ठसा असा उमटतो की, वनकायदा नसता तर पाणी वेळेवर पोचले असते आणि खर्चही आटोक्यात राहिला असता. भ्रष्टाचाराचे आरोप असलेल्या खात्याने लिहिलेल्या ग्रंथात खऱ्या अर्थाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे ती वनजमीन.

डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष तपास पथकाचा २०१४ चा अहवाल यापेक्षा पुष्कळ प्रामाणिक आहे. लेखक जलशास्त्र जाणणारा आहे हे त्याच्या पानोपानी जाणवते. अपुऱ्या सर्वेक्षणावर मान्यता, वाढीव व्याप्ती, निविदांतील त्रुटी यांची नोंद तो स्पष्टपणे करतो. परंतु मंत्र्यांची वैयक्तिक जबाबदारी ठरविणे हे काम त्यास सोपविलेले नव्हते, आणि नदी ही तर कोणत्याच चौकशीच्या कार्यकक्षेत कधी नव्हती. खालच्या बाजूस प्रवाह किती उरला, काळ्या जमिनीतून निचरा होईल की नाही, उठलेल्या गावांच्या गायरानांचे काय झाले, हे प्रश्न विचारण्यास समिती नेमली गेल्याचे उदाहरण नाही. पैसा मोजला गेला, पाणी अर्धेमुर्धे मोजले गेले, बाकी सर्व अमोजित राहिले.

यापुढील इतिहास पक्षांच्या वर्तनाचा आहे आणि तो थोडक्यात सांगणे पुरे. विरोधी पक्षात असताना भारतीय जनता पक्षाने हा विषय लावून धरला; सत्तेवर आल्यावर डिसेंबर २०१४ मध्ये उघड चौकशीस संमती दिली. नोव्हेंबर २०१८ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नागपूर खंडपीठापुढे शपथपत्र करून माजी मंत्र्यांवर जबाबदारी येते असे सांगितले. २०१९ च्या अखेरीस त्याच विभागाने ती येत नाही असे सांगितले. मधल्या काळात, २५ नोव्हेंबर २०१९ रोजी, वाशीम, यवतमाळ, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील नऊ चौकश्या बंद करण्यात आल्या. त्यांचा पवार यांच्याशी संबंध नसल्याचा खुलासा विभागाने केला. जुलै २०२३ मध्ये पवार भाजपच्या साथीने पुन्हा शासनात आले. दुसऱ्या बाजूने पाहावे तर, जुलै २०१२ मध्ये भाजपचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी गोसीखुर्दच्या ठेकेदारांची थकलेली देयके मिळावीत म्हणून केंद्रीय मंत्र्यांस पत्र लिहिले होते. शेतकऱ्यांच्या हितासाठी ते लिहिले असे त्यांचे म्हणणे होते. पुढे भाजपच्या काळातील जलयुक्त शिवार योजनेवर महालेखापरीक्षकांनी २०२० साली ताशेरे ओढले, तेव्हा महाविकास आघाडीने तिची चौकशी लावली. २०२२ च्या सत्तांतरानंतर तीच योजना दुसऱ्या टप्प्याच्या नावाने परत आली. चौकशी हेही अशा रीतीने पक्षीय व्यवहारातील एक चलन बनले. ते वठविले जात नाही, फक्त हातोहात फिरते. ज्या अभियंत्याने पत्र लिहिले तो २०१४ साली आम आदमी पक्षातर्फे नाशिकहून लोकसभेस उभा राहिला आणि पराभूत झाला.

या सर्वांत पर्यावरणवादी टीकेची एक चूकही नोंदविली पाहिजे. विदर्भाचा सिंचन-अनुशेष ही ठेकेदारांची कल्पना नव्हे. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर समितीने तो मोजून दाखविला होता आणि यवतमाळच्या कोरडवाहू कापूस-शेतकऱ्याच्या आत्महत्या ही त्याची सर्वांत कठोर पुरवणी आहे. पुण्यामुंबईत बसून धरणे वाईट असे म्हणणाऱ्यास बाभुळगावच्या शेतकऱ्याने ‘मग पाणी कोठून आणावे’ असे विचारले, तर ते उत्तर देण्यास बांधील आहेत. याच यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना १९९२ साली जलसंधारणाचे स्वतंत्र खाते निघाले, म्हणजे धरणाखेरीज दुसरी वाट या भूमीला अपरिचित नव्हती. मात्र अनुशेष हा शब्द जेव्हा रुपयांत मोजला जाऊ लागला, तेव्हा त्याची जात बदलली. हेक्टरांचा अनुशेष शेत भिजल्यावर भरतो. रुपयांचा अनुशेष खर्च केल्यावर भरतो. अन्यायाच्या खऱ्या जाणिवेवर फुगीर अंदाजपत्रक स्वार झाले आणि त्याला हरकत घेणारा विदर्भद्रोही ठरू लागला. निम्न पैनगंगेच्या बुडित क्षेत्रातील गावांनी केलेला विरोध ऐकून घेणे याच कारणाने सर्वच पक्षांना अवघड गेले.

पाणी अडविल्यानंतर ते कोणाचे, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर देण्यासाठी २००५ साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र देशात अग्रेसर होते. पण त्यानंतरही मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीने धरणांतील पाणी उद्योगांस व औष्णिक वीजकेंद्रांस वाटणे चालूच ठेवले. अमरावतीजवळ नांदगावपेठ येथील वीजकेंद्रास ऊर्ध्व वर्धेचे पाणी देण्यावरून मोठे आंदोलन झाले. तेव्हा शासनाने वाटप न बदलता कायदा बदलला. २०११ च्या दुरुस्तीने १७ सप्टेंबर २०१० पूर्वीची अशी वाटपे वैध ठरविण्यात आली व यापुढील क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला. ‘पूर्व’ या शब्दाचे भवितव्य केंद्रातही फारसे वेगळे नाही. मार्च २०१७ च्या अधिसूचनेने मान्यतेवाचून सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून मान्यता मिळविण्याची वाट मोकळी केली. मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती वाट बंद केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, बहुमताने, तो निर्णय मागे घेतला. दरम्यान ऑगस्ट २०१८ मध्ये सिंचन प्रकल्पांस केंद्रीय पातळीवर तपासणी लागू होण्याची मर्यादा १०,००० हेक्टरांवरून ५०,००० हेक्टरांवर नेली गेली, तीही फारशा चर्चेवाचून.

बेंबळा जलाशयावर आता यवतमाळ शहराचीही मागणी आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह ही शहराची जुनी जलस्थाने आटली, तेव्हा बेंबळेवरून येणाऱ्या अमृत योजनेच्या जलवाहिनीकडे सर्वांचे डोळे लागले होते. पिण्याच्या पाण्याचा अग्रहक्क कोणी नाकारणार नाही. परंतु शहरासाठी पाणी राखून ठेवल्यावर कालव्याखालील क्षमतेतून तितके हेक्टर वजा करावे लागतात, आणि असे वजाबाकीचे ठराव क्षमता जाहीर करणाऱ्या ठरावांइतक्या मोठ्या टाइपात छापले जात नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पास मान्यता दिली. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून सुमारे ४२६ किलोमीटर जाणारा हा कालवा असून त्याचा अंदाजित खर्च ८७ हजार कोटींहून अधिक आहे. त्याचा उगम गोसीखुर्दच्या जलाशयात होतो. १९८३ साली ३७२ कोटींचा म्हणून मान्य झालेल्या आणि २०१६ साली १८,४९४ कोटींवर पोचलेल्या त्या धरणाचे स्वतःचे कालवे नव्या मान्यतेच्या दिवशीही पुरे झालेले नव्हते. मान्यतेच्या वार्तेत कालव्याची लांबी होती, खर्च होता आणि ३ लाख ७१ हजार हेक्टरांची सिंचन क्षमता होती.